चाळणी हाती असेल तर हिशेबाचा ढीग किती मोठा, याला महत्त्व नाही
संगणकाच्या काळ्या पडद्यावरील शोध-आज्ञा आणि तालुक्याच्या गावचा दुकानदार

संग्रामपूर (जि. बुलढाणा) : सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यात कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभरा ही मुख्य पिके. पेरणीच्या दिवसांत संग्रामपूर, वरवट बकाल, सोनाळा, टुनकी, पातुर्डा या गावांतील कृषी केंद्रांवर पाय ठेवायला जागा नसते. बियाणे, खत, फवारणीचे औषध दुकानातून जाते आणि त्यातला बराचसा भाग उधारीवर जातो. कापूस निघाला, विकला गेला, की दिवाळीनंतर वसुली. म्हणजे जून महिन्यात लिहिलेली ओळ नोव्हेंबर-डिसेंबरात शोधावी लागते. ती ओळ सापडली तर पैसा सापडतो, नाही सापडली तर गिऱ्हाइकाशी हुज्जत. सगळ्या धंद्याचा जीव असा एका ओळीत अडकलेला असतो.

पूर्वी हे काम मुनीम करीत. कीर्द, खतावणी, रोजमेळ पुढ्यात घ्यायचे, बोट ओळीवरून फिरवायचे आणि ताळा जुळला की बारीकशी खूण करायची. आता वहीची जागा संगणकाने आणि मोबाइलने घेतली. परंतु गंमत अशी की, वही संगणकात गेली तरी शोधण्याची रीत बोट फिरवण्याचीच राहिली आहे. एक्सेलची फाइल उघडायची आणि उंदराचे चाक गोल गोल फिरवत बसायचे. एका फाइलचे ठीक आहे. पाच वर्षांच्या साठ फाइली असतील तर?

या प्रश्नाचे उत्तर पन्नास वर्षांहून जुने आहे, फुकट आहे आणि बहुतेक संगणकांत आधीपासून आहे किंवा दहा मिनिटांत घालता येते. त्याची ओळख या पानाच्या वाचकांना करून द्यावी म्हणून हा प्रपंच.

एका रात्रीत झालेले हत्यार

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात बेल लॅबोरेटरीज या संस्थेत केन थॉम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली तयार केली. तेथील ली मॅकमॅहन या संशोधकाला १७८७-८८ मध्ये अमेरिकन वृत्तपत्रांत टोपणनावाने छापून आलेल्या ८५ राजकीय निबंधांचा अभ्यास करायचा होता. कोणता निबंध कोणी लिहिला, हे शब्दांच्या वापरावरून ठरवायचे होते. मजकूर इतका मोठा, की त्या वेळच्या संगणकाच्या स्मृतीत तो एकदम मावेना. मग थॉम्सन यांनी एका रात्रीत स्वतंत्र आज्ञा लिहून दिली. फाइल सगळी न उचलता एकेक ओळ वाचायची, हवी ती दाखवायची, नको ती सोडून द्यायची. ही हकिगत त्यांचे सहकारी ब्रायन कर्निघन यांनी सांगितलेली आहे. त्या आज्ञेचे नाव ‘ग्रेप’. नोव्हेंबर १९७३ च्या युनिक्स माहितीपुस्तिकेत ती प्रथम छापली गेली आणि आजही ती जशीच्या तशी चालते. संगणकाच्या जगात पन्नास वर्षे टिकलेली वस्तू विरळाच.

त्याच वर्षी दुसरी एक सोय झाली, ती म्हणजे नळीची. डग मॅकिलरॉय यांची कल्पना अशी होती, की एका आज्ञेतून निघालेला माल सरळ दुसऱ्या आज्ञेच्या तोंडात पडावा. आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. जिनिंगमध्ये कापूस एका बाजूने पडतो, सरकी वेगळी होते, रुई पुढे जाते, प्रेसमध्ये गठाण बांधली जाते. प्रत्येक यंत्र एकच काम करते, पण सगळी रांगेत लावली की कारखाना होतो. संगणकातही ग्रेप ओळी निवडते, सॉर्ट त्यांना क्रमाने लावते, युनिक एकसारख्या ओळी एकत्र करून मोजते आणि ऑक रकान्यांवर हिशेब करते. ऑक हे नाव अहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून १९७७ मध्ये पडले. (पहिल्या गृहस्थांचे आडनाव ऐकून आपल्याकडील गृहिणींना हसू येईल, पण ते खरोखर तसेच आहे.)

दुकानाची उधारी समजा साध्या मजकुराच्या फाइलीत आहे. एका ओळीत तारीख, खाते क्रमांक, नाव, गाव, माल आणि रक्कम, मध्ये स्वल्पविराम. ‘बावनबीर गावातील ज्यांच्याकडे पाच हजारांवर बाकी आहे, त्यांची यादी मोठ्या रकमेपासून खाली’ असा प्रश्न मालकाने विचारला. ग्रेपला ‘बावनबीर’ सांगायचे, नळी लावून ऑकला खाते क्रमांकानुसार बेरीज करून पाच हजारांखालची गळायला सांगायची, पुन्हा नळी लावून सॉर्टला उलट क्रम सांगायचा. एकच ओळ टंकित होते. फाइल एक असो वा साठ, वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकाच. आणि ती ओळ लिहून ठेवली, की पुढच्या वर्षी गावाचे नाव बदलून तीच वापरायची.

मराठीत गोष्ट इतकी सरळ नाही

येथपर्यंतची माहिती इंग्रजी पुस्तकांतही मिळेल. आपला त्रास पुढे सुरू होतो. आपल्या दुकानाच्या फाइली मराठीत आहेत, त्यात नावे उर्दू-अरबी वळणाची आहेत आणि ती लिहिणारे हात दहा आहेत.

वऱ्हाडातील कागदपत्रांत शेख हे ‘शे.’ होते, अब्दुल हे ‘अ.’ आणि मोहम्मद हे ‘मो.’ होते. ‘शे. करीम शे. रहीम’ असे लिहिण्याची पद्धत सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत सगळीकडे आहे. आता नव्याने शिकलेला मुलगा उत्साहाने ग्रेपला ‘शे.’ शोधायला सांगतो, आणि पडद्यावर शेख तर येतातच, पण शेळके येतात, शेत येते, शेंगदाणा येतो आणि शेगावला पाठवलेला सगळा माल येतो! कारण ग्रेपच्या भाषेत टिंबाचा अर्थ पूर्णविराम नव्हे, ‘येथे कोणतेही एक अक्षर’ असा आहे. खरे टिंब हवे असेल तर त्याच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, किंवा ‘मी लिहिले तसेच्या तसे शोध’ असा वेगळा हुकूम द्यावा लागतो.

या टिंबाचा फायदाही आहे. टिंबापुढे चांदणी दिली तर अर्थ होतो ‘मध्ये काहीही, कितीही’. म, टिंब-चांदणी, मद (म.*मद) असा नमुना दिला, की मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मोहंमद, मोहमद ही पाचही रूपे एका झटक्यात सापडतात. त्याबरोबर ‘मजीद अहमद’ हेही फुकटात येतात, कारण त्या ओळीतही आधी म आणि शेवटी मद आहे. ‘मो.’ मात्र निसटते, ते वेगळे सांगावे लागते. चाळणीची भोके मोठी ठेवली तर खडे येतात, बारीक ठेवली तर दाणे जातात. वसुलीच्या कामात भोके मोठी ठेवावीत असे आमचे मत आहे. जास्तीची चार नावे डोळ्यांनी वगळता येतात, न आलेले नाव कोणाच्याच लक्षात येत नाही.

न आलेले नाव हाच या सगळ्या प्रकरणातील खरा धोका आहे. ग्रेपला ओळ सापडली नाही तर ती भांडत नाही, तक्रार करत नाही, गप्प बसते. आणि पडदा कोरा दिसला की माणूस समजतो, उधारी नाहीच.

मराठी मजकुरात पडदा कोरा दिसण्याची कारणे अनेक आहेत. पहिले कारण जुन्या फाँटांचे. १९९० च्या दशकापासून बरीच वर्षे आपल्याकडे मराठी टंकलेखन श्री-लिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फाँटांवर किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांवर झाले. त्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, पण पोटात मराठी नसते. आत असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे, फाँट फक्त त्यावर मराठी मुखवटा चढवतो. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये ठरले, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. पण फाँटविक्रेत्यांची आपापली गणिते पुढेही चालूच राहिली. अशा जुन्या फाइलीत युनिकोडमधील ‘कपाशी’ शोधाल तर जन्मात सापडणार नाही. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घेतल्याच पाहिजेत. त्याची रूपांतरक साधने उपलब्ध आहेत, पण जोडाक्षरे नजरेखालून घालावी लागतात.

दुसरे कारण अधिक छुपे आहे. ‘व्यापाऱ्यांना’, ‘शेतकऱ्यांचे’, ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र, जो आपण आडव्या रेघेसारखा काढतो, तो संगणकात दोन तऱ्हांनी साठतो. काही कळफलकांवर तो खाली टिंब असलेल्या ऱ या स्वतंत्र अक्षरापासून होतो. काहींवर साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह अशा तीन तुकड्यांचा होतो. कागदावर छापले तर दोन्हींत तसूभर फरक नाही. ग्रेप मात्र आकार पाहत नाही, संकेतांक पाहते. एका मुलाने संगणकावर लिहिलेले ‘शेतकऱ्यांना’ आणि दुसऱ्याने मोबाइलवर लिहिलेले ‘शेतकऱ्यांना’ तिच्या लेखी दोन निराळे शब्द असू शकतात. तीच गत ‘ॲडव्हान्स’मधल्या ॲची. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. त्याआधी अ काढून त्यावर अर्धचंद्र देत, आणि बरेच कळफलक आजही तसेच देतात. उर्दू नावांखालच्या नुक्त्याचेही असेच आहे, ज़ एकसंध असतो किंवा ज आणि नुक्ता असा जोडीने असतो. उपाय एकच. शोध घेण्यापूर्वी सेड या आज्ञेने सगळी रूपे एका साच्यात आणावीत. हे काम एकदा लिहून ठेवले की नेहमीसाठी झाले.

तिसरा फटका थेट पैशाचा आहे. रकमा देवनागरी अंकांत लिहिलेल्या असतील तर ऑक त्या बेरजेत धरत नाही. ‘५०००’ हा तिच्या दृष्टीने आकडा नाहीच, ती त्याची किंमत शून्य मानते. अर्ध्या रकमा इंग्रजी अंकांत आणि अर्ध्या मराठी अंकांत असतील तर बेरीज येते, पण अर्धीच येते, आणि चूक झाल्याचा एक शब्दही पडद्यावर उमटत नाही. मराठी अंकांचा अभिमान पाटीवर, पत्रिकेवर आणि या पानावर जरूर बाळगावा. संगणकाच्या उधारीत रक्कम इंग्रजी अंकांतच ठेवावी, किंवा बेरजेआधी सगळे अंक बदलून घ्यावेत.

आणि नाव ही शोधण्याची मुख्य किल्ली ठेवूच नये. एकच गिऱ्हाईक मोहम्मद म्हणून जूनमध्ये आणि महंमद म्हणून ऑगस्टमध्ये लिहिले गेले, तर त्याची दोन खाती होतात आणि दोन्हींवर बाकी लहान दिसते. खाते क्रमांक द्यावा, निदान मोबाइल क्रमांक लिहावा. जुने मुनीम प्रत्येक खात्याला पान क्रमांक देत असत, तो उगीच नव्हे.

जीएसटीचे सहा दिवस

कृषी केंद्रवाल्यांसाठी यापुढचा भाग महत्त्वाचा. बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर ५ टक्के आहे आणि रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. एक लाखाचे औषध उचलले की १८ हजार रुपये कर पुरवठादाराला दिला जातो, आणि तो आपल्या विक्रीवरील करातून वजा मिळतो. परंतु १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे, की पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी या तक्त्यात उतरले, तरच वजावट. पुरवठादार विसरला, किंवा त्याने आपला क्रमांक चुकीचा टाकला, तर आपण कर भरूनही तो बुडीत खाती जाण्याची पाळी. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला मुळात वजावटच नसते, त्यामुळे त्याला ही कटकट नाही.

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचा हा तक्ता पुढील महिन्याच्या १४ तारखेला तयार होतो आणि ३बी विवरणपत्राची मुदत २० तारखेला संपते. मधल्या सहा दिवसांत आपली खरेदी-वही आणि सरकारी तक्ता यांचा मेळ घालायचा असतो. तालुक्याच्या गावात हे काम बहुधा करसल्लागाराकडे जाते आणि त्याच्या टेबलावर अशा अनेक दुकानांचे ढीग असतात.

येथे ‘कॉम’ नावाची आज्ञा उपयोगी पडते. तिला दोन फाइली द्यायच्या. ती तीन रकाने काढते. पहिल्यात फक्त आपल्या वहीत असलेली बिले, दुसऱ्यात फक्त सरकारी तक्त्यात असलेली, तिसऱ्यात दोन्हीकडे असलेली. पहिला रकाना म्हणजे ज्या पुरवठादारांना फोन करायचे त्यांची यादी. दुसरा रकाना म्हणजे आपल्या मुलाने वहीत न चढवलेली, किंवा आपली नसलेलीच बिले. तिसरा सोडून द्यायचा. मुनीम दोन वह्या शेजारी ठेवून जे करीत असत, तेच हे काम, फरक फक्त वेळेचा.

पण दोन्ही फाइली आधी एकाच पद्धतीने क्रमवार लावलेल्या हव्यात, नाहीतर कॉम भलतेच सांगते. बिल क्रमांक एकसारखे हवेत. पुरवठादार लिहितो ‘०४५’ आणि त्यापुढे तिरपी रेघ देऊन वर्ष. आपला मुलगा लिहितो नुसते ‘४५’. एक्सेल तर आकड्याआधीची शून्ये न विचारता खाऊन टाकते. म्हणून सेडने रेघा आणि पुढची शून्ये काढून, पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक एवढीच जोडी ठेवावी. रक्कम या जोडीत घेऊ नये. पन्नास पैशांच्या पूर्णांकनाने शंभर बिले उगाच ‘जुळत नाहीत’ म्हणून बाहेर येतात. विंडोजवर बनलेल्या फाइलीत प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे जास्तीचे चिन्ह असते, तेही काढावे. ते एका फाइलीत राहिले आणि दुसरीत नसले, तर एकही बिल जुळत नाही.

जीएसटी क्रमांकाचीही चाळण करून घ्यावी. त्यात १५ अक्षरे असतात. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची, म्हणजे पाच रोमन अक्षरे, चार अंक, एक अक्षर. मग नोंदणीचा क्रम, त्यानंतर सहसा झेड, आणि शेवटी पडताळणीचे अक्षर. हा साचा ग्रेपला देऊन उलट हुकूम द्यायचा, की साच्यात न बसणाऱ्या ओळी तेवढ्या दाखव. शून्याच्या जागी ‘ओ’ टंकित झालेले बहुतेक क्रमांक पडद्यावर येऊन उभे राहतात. उलटी चाळण सुलट चाळणीपेक्षा जास्त पैसे वाचवते, असा आमचा अनुभव आहे.

चुकून पुसले तर

अनुभवाचे बोलायचे तर नुकसानीचेही सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने सुरुवातीच्या दिवसांत बाकीदारांची यादी सॉर्टने क्रमवार लावली आणि निकाल त्याच नावाच्या फाइलीत साठवायला सांगितला. यादी कोरी झाली. कारण असे, की संगणक निकाल ठेवण्यासाठी फाइल आधी रिकामी करतो आणि मग वाचायला जातो. वाचायला उरते काय? सातशेच्या वर ओळी होत्या. छापील प्रत होती म्हणून निभावले, दोन रात्री पुन्हा टंकित करण्यात गेल्या. तेव्हापासून निकाल नेहमी नव्या नावाच्या फाइलीत, आणि मूळ फाइलीची एक प्रत पेन ड्राइव्हवर. फाइंड या आज्ञेने जुन्या फाइली शोधून पुसण्याचीही सोय आहे. तीही आधी नुसती यादी पाहून, मग वापरावी.

साधनसामग्रीला खर्च नाही. लिनक्स असलेल्या संगणकात या आज्ञा असतातच. विंडोजमध्ये २०१६ पासून मायक्रोसॉफ्टनेच लिनक्सची उपप्रणाली आत बसवण्याची सोय दिली आहे. अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स नावाचे मोफत ॲप घेतले तर ग्रेप, सॉर्ट, ऑक सगळे हातात येते, आणि एकदा घातल्यावर इंटरनेट नसले तरी चालते. गिऱ्हाइकांची उधारी परक्याच्या यंत्रावर पाठवावी लागत नाही, ही दुकानदाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. एक्सेलमधून फाइल काढताना ‘सीएसव्ही’चे एकाहून अधिक प्रकार दिसतात. त्यातला ‘यूटीएफ-८’ लिहिलेला निवडावा. दुसरा निवडला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळते आणि ती परत मराठी होत नाही.

क्रम लावण्याबाबत एक बारीक गोष्ट राहिली. संकेतांकांच्या क्रमाने लावले तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे ह च्या नंतर नाही. म्हणून ‘बाळापूर’ हे ‘बावनबीर’च्या आधी छापले जाते. गिऱ्हाइकांची यादी भिंतीवर लावायची असेल तर मराठीचा क्रम निवडून सॉर्ट करावे. कॉमसाठी मात्र दोन्ही फाइलींना एकच क्रम हवा आणि कॉमही त्याच क्रमाने चालवावी.